बोथट केलेला भाला

'बोथाटी' हा शब्द आता कोशात भेटतो, नाहीतर मर्दानी खेळांच्या एखाद्या प्रात्यक्षिकात. बोथाटी म्हणजे घोडेस्वाराचा सरावाचा भाला. लांब दांडा, पण टोकाला पात्याऐवजी कापडाने मढवलेला गोळा. गोळा रंगात बुडवायचा आणि दोन स्वारांनी एकमेकांवर घोडे घालायचे. ज्याच्या अंगावर रंग उमटेल त्याला भाला लागला, असे धरायचे. 'बोथट'शी या नावाचे नाते सहज ऐकू येते. धार काढून घेतली, हीच या हत्याराची ओळख ठरली.

एका इंग्रजी मजकुराचा अनुवाद करताना हा शब्द मला पुन्हा हवासा वाटला. मजकूर फोमच्या तलवारींविषयी होता. काही खेळांत खेळाडू पात्राचा वेष करून मैदानात उतरतात, गोष्ट त्यांच्या वागण्यातून पुढे सरकते आणि लढाईही ते खरोखर अंगाने लढतात. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या परिसरात १९७७ मध्ये 'डॅगोरहिर' हा असा खेळ सुरू झाला. इंग्लंडमध्ये १९८२ मध्ये चेशरमधल्या पेकफर्टन किल्ल्यात 'ट्रेझर ट्रॅप' सुरू झाला.

या तलवारीची घडण साधी दिसते. आत फायबरग्लासची कांडी किंवा प्लास्टिकची नळी, तिच्यावर बारीक बंद छिद्रांच्या फोमचे चिकटवलेले थर, वरून लॅटेक्सचा लेप किंवा कापडी खोळ. खरी मेख टोकाशी असते. भोसकताना सगळा जोर एका बिंदूवर येतो आणि आतली कांडी फोम फाडून बाहेर येऊ शकते. म्हणून कांडीच्या टोकावर चामड्याची टोपी घालतात, तिच्यापुढे फोमची जाड गादी ठेवतात, आणि तरीही अनेक गट भोसकण्याला आणि डोक्यावर वार करण्याला मनाई करतात.

बोथाटीचा गोळा याच अडचणीवरचा उपाय आहे. आघाताची जागा रुंद केली की तोच जोर अंगात घुसत नाही, पसरतो. पायदळाच्या सरावातला फरी-गदगाही याच वाटेचा: फरी म्हणजे लहान ढाल आणि गदगा म्हणजे तलवारीच्या जागी चामड्याने मढवलेला दांडा. जपानमध्ये तलवारीच्या सरावासाठी चिरलेल्या बांबूवर चामड्याची पिशवी चढवत. फोम नवा आहे, प्रश्न जुनाच: पूर्ण ताकदीनिशी वार करायचा आणि समोरचा उद्याही सरावाला आला पाहिजे.

मराठा घोडदळात या प्रश्नाला पैशाची बाजूही होती. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा असे. तो घोडा गेला तर त्याची रोजीच जाई. सरावात घोडा किंवा माणूस जायबंदी होणे कुणालाच परवडणारे नव्हते.

मी हे रायपूर आणि भिलाईच्या मधल्या कुम्हारीत बसून लिहिते आहे. या मुलखाला मराठी भाल्याची ओळख सरावातून झाली नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर छत्तीसगडात उतरले आणि रतनपूर भोसल्यांच्या ताब्यात गेले. तीच फौज पुढे बंगालवर चालून गेली. बारगिराचा 'बर्गी' झाला आणि तो बंगाली अंगाईत जाऊन बसला; आया त्याच्या नावाने मुले निजवू लागल्या. १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने वाटाघाटीसाठी बोलावून मानकऱ्याच्या तंबूत भास्कररामांना मारवले. बंगालच्या खेड्यात लुटला गेलेला माणूस कुठल्याही खेळात सामील नव्हता, आणि तंबूतल्या कराराला पाळणारा कुणी उरला नव्हता.

बोथाटीचा खरा अर्थ इथे कळतो. हत्यार मऊ केल्याने हिंसा निरागस होत नाही. तिला दोन माणसांची आधीची संमती लागते, आणि रंग लागल्यावर 'लागला' म्हणण्याचा प्रामाणिकपणाही. गोळा, चामडे, फोम ही त्या संमतीची दिसणारी बाजू. एकाच हाताला दोन्ही भाले पेलता येत होते, हे मराठी इतिहासाने विसरता कामा नये.

१८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले. आखाड्यांत गदगा आणि लाठी फिरत राहिली. पुढे बडोद्याच्या दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी अनेक खंडांच्या 'व्यायाम ज्ञानकोशा'त देशी व्यायामाची विद्या मराठीत नोंदवली. तोवर या खेळांवर 'आपला पराक्रम' अशी चिठ्ठी चिकटली होती. समोरच्याला इजा न करण्यासाठी कुणीतरी बसून कापड गुंडाळले, चामडे शिवले, ही गोष्ट त्या चिठ्ठीखाली झाकली गेली.

म्हणून अनुवादात मी 'खोटी तलवार' लिहिले नाही. 'बोथाटी तलवार' लिहिले. वाचणारा क्षणभर अडखळेल, पण शब्द स्वतःच आपला अर्थ सांगतो. फोमच्या खेळात लढाईआधी प्रत्येक हत्यार तपासले जाते, आणि ते सुरक्षित आहे असे म्हणणाऱ्याने त्याचा फटका आधी स्वतः खाऊन दाखवावा, असा काही गटांचा रिवाज आहे. शस्त्रांच्या इतिहासात इतका न्याय्य नियम क्वचितच सापडेल.