जुन्या लाकडावरचा रंग काढताना : कोणती यंत्रे घ्यावीत?



अमेरिकेत जुने घर घेतले की दारे, खिडक्यांच्या चौकटी आणि जिन्याचा कठडा यांवर रंगाचे पाच-सहा थर हमखास सापडतात. "दोन वीकएंडमध्ये उरकून टाकू" म्हणून आम्ही दोघांनीही १९२० च्या दशकातल्या आमच्या घरात हे काम काढले. चुका करत जे शिकलो ते इथे थोडक्यात देत आहोत.

यंत्राआधी तपासणी

अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली. घर त्याआधीचे असेल तर रंगात शिसे असू शकते, हे धरूनच चालावे. सर्व थरांचा तुकडा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. शिशाची धूळ डोळ्यांना दिसत नाही, पण रांगणार्‍या मुलाच्या हातावरून तोंडात जाते. मुलांच्या रक्तात शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही.

शिसे निघाले तर सँडर खोक्यातच राहू द्या. रंग पक्का असेल तर त्यावर नवा रंग देणे हाच बहुधा शहाणपणा. घासल्या जाणार्‍या खिडक्या-दारांसाठी प्रमाणित कंत्राटदार बोलवा. १९७८ पूर्वीच्या घरांत असे काम करणार्‍या कंत्राटदारांना २०१० पासून ईपीएचे प्रमाणपत्र लागते. स्वतःच्या घरात स्वतः काम करणार्‍याला हा नियम लागू नाही, पण शिसे काही घरमालक पाहून थांबत नाही!

शिसे नसेल तर

आमची पहिली चूक म्हणजे सँडरनेच रंग काढायला गेलो. रंग तापून चिकट झाला आणि पॉलिश पेपर पाच मिनिटांत बुजला. रंग काढणे आणि लाकूड घासणे ही दोन वेगळी कामे आहेत.

१. हीट गन : जाड थरांसाठी उत्तम. तापमान कमी-जास्त करता येणारी घ्या. रंगाला फुगे आले की स्क्रॅपरने खरवडा. काचेजवळ जपून, उष्णतेने काच तडकते. भिंतीच्या पोकळीत ठिणगी धुमसू शकते, म्हणून अग्निशामक जवळ ठेवा आणि काम संपल्यावर तासभर घर सोडू नका.

२. रँडम ऑर्बिटल सँडर : एकच यंत्र घ्यायचे तर पाच इंची हेच. ८०, मग १२०, मग १५० किंवा १८० नंबरचा पेपर लावा. जोर देऊ नका, यंत्राचे वजन पुरते. व्हॅक्यूम जोडता येईल असेच मॉडेल घ्या.

३. डिटेल सँडर : टोक त्रिकोणी असल्याने कोपर्‍यांसाठी. नक्षीत मात्र हातच चालवावा लागतो.

४. बेल्ट सँडर : शक्यतो नकोच. आम्ही भाड्याने आणला आणि मिनिटभरात दाराला खळगा पडला. तो आजही पाहुण्यांना दिसतो.

मिथिलीन क्लोराईड असलेले रंग काढण्याचे द्रावण जुन्या गॅरेजमध्ये सापडले तर वापरू नका. त्याच्या वाफांनी माणसे दगावली आहेत. ग्राहकांना ते विकण्यावर २०१९ साली बंदी आली.

थोडे विजेचे गणित

१५०० वॉटची हीट गन १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर घेते. त्याच १५ अँपिअरच्या सर्किटवर व्हॅक्यूम लावला की ब्रेकर पडणारच. भारतातून आणलेली २३० व्होल्टची यंत्रे इथे नेहमीच्या प्लगवर नीट चालत नाहीत, तेव्हा बॅगेतली ती जागा लोणच्याला ठेवा.

पी-१०० फिल्टरचा मास्क, चष्मा आणि हेपा व्हॅक्यूम यांत काटकसर नको. कामाचे कपडे वेगळे धुवा, आणि आधी आंघोळ, मगच मुलांना जवळ घ्या.

एवढे सांभाळले की खालून निघणारे लाकूड पाहून सगळे कष्ट विसरायला होतात. शुभेच्छा!