लांडग्यापेक्षा डॉक्टर वाईट

जुलै 1957. ओहायोतल्या एका गावाबाहेर, मक्याच्या शेतांना लागून असलेल्या ड्राइव्ह-इन थिएटरच्या रांगेत तुमची गाडी उभी आहे. गाडी कुठून आणलीत, हे विचारत बसू नका. काळ ओलांडून आलात तर एवढं चालतं. पुढे एक नवीकोरी शेव्हरोले आहे. तिच्या डिकीतून कुणीतरी दबक्या आवाजात खिदळतंय. तिकीट माणशी आहे, म्हणून दोन पोरं मागे कोंबलेली. खिडकीवरच्या माणसाला ते कळलंय, पण तो गप्प बसतो. आत गेल्यावर हीच पोरं पॉपकॉर्न आणि हॉट डॉगवर तिकिटाच्या वर खर्च करणार, हे त्याला पाठ आहे.

आत जमीन मुद्दाम चढउताराची केलेली असते, गाडीचं नाक वर राहावं आणि काचेतून पडदा दिसावा म्हणून. खांबावरचा स्पीकर काढून तुम्ही खिडकीच्या काचेला अडकवता. पडद्याखाली झोके आणि घसरगुंडी. रात्रीचे पायजमे घातलेली लहान पोरं तिथे धुडगूस घालताहेत. नऊ वाजून गेले तरी आकाश पुरतं काळं झालेलं नाही. डास मात्र वेळेवर हजर.

आज जोडीने दोन सिनेमे आहेत. त्यातला एक ‘इन्व्हेजन ऑफ द सॉसर मेन’. त्यात टपोऱ्या डोक्याचे परग्रहवासी बोटांतल्या सुयांनी माणसांच्या अंगात दारू भरतात. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. गर्दी दुसऱ्यासाठी आहे: ‘आय वॉज अ टीनेज वेअरवुल्फ’. वेअरवुल्फ म्हणजे लांडगा होणारा माणूस. नाव वाचूनच देशभरातले शहाणे लोक हसताहेत. काढणारी कंपनी अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स. तिथला जेम्स निकोल्सन आधी नाव शोधतो, मग पोस्टर, आणि पटकथेचा नंबर सगळ्यात शेवटी. हिशेब सरळ आहे. आईबाप टीव्हीपुढे बसलेत, गाडीची किल्ली पोरांच्या हातात आहे, तर सिनेमा पोरांसाठी काढा. खर्च सुमारे 82,000 डॉलर, चित्रीकरण आठवड्याभरात उरकलेलं.

दिवे जातात. पहिल्याच क्षणी एक मूठ थेट तुमच्या नाकावर येते. शाळेच्या आवारात मारामारी चालली आहे आणि कॅमेरा मार खाणाऱ्याच्या जागी आहे. मारणारा टोनी रिव्हर्स, म्हणजे वीस वर्षांचा मायकेल लँडन. अजून त्याला कुणी ओळखत नाही. टोनीला अचानक कुणी हात लावला की त्याचं डोकं फिरतं. का, ते त्यालाही माहीत नाही. आई नाही, बाप कारखान्यात राबणारा. पोलीस, मैत्रीण, सगळे एकच सांगतात: बाबा रे, स्वतःला आवर, डॉक्टरला दाखव.

उजवीकडच्या स्टेशन वॅगनमधले गृहस्थ बायकोला ऐकू जाईल अशा बेताने, म्हणजे चार गाड्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, “माझा पोरगा असता तर दोन ठेवून दिल्या असत्या. डॉक्टर कशाला हवाय?”

डावीकडच्या गाडीत चार मुलं-मुली आहेत. इतका वेळ त्यांचं पडद्याकडे लक्षही नव्हतं. आता आहे.

टोनी शेवटी डॉक्टर ब्रँडनकडे जातो. व्हिट बिसेल हा नट ते काम करतो, आणि माझ्या मते सिनेमा खरा त्याचा आहे. सूट नीट, बोलणं मऊ. माणूसजात अणुबॉम्बने स्वतःला संपवणार, तेव्हा तिला मागे, आदिम अवस्थेत नेलं तरच ती वाचेल, असं त्याचं मत. त्यासाठी माकड-उंदीर कशाला, हा बिघडलेला पोरगा आहेच की! ऐकताना हसू येतं, पण तुम्ही 1957 मध्ये बसलाय हे विसरू नका. याच उन्हाळ्यात नेवाडाच्या वाळवंटात अणुचाचण्या चालू आहेत. संमोहनाने एका बाईला तिचा गेला जन्म आठवला, असं सांगणारं ब्राइडी मर्फीचं पुस्तक गेल्याच वर्षी घरोघरी वाचलं गेलंय. पटकथाकारांनी पेपर उघडला आणि दोन्ही बातम्या एकत्र कालवल्या. डॉक्टर स्कोपोलामिन नावाचं औषध टोचतो, टोनीला आडवा करतो, संमोहनाने मागे मागे नेतो. मदतनीस घाबरून विचारतो, पोराचं काय होईल? डॉक्टरला त्या प्रश्नात रस नाही.

डावीकडच्या गाडीचा हॉर्न वाजतो. मग तिच्यामागच्या गाडीचा. पोरं डॉक्टरला हॉर्न मारताहेत! लांडगा अजून नीट दिसलेलासुद्धा नाही.

तो दिसतो व्यायामशाळेत. एक मुलगी एकटीच समांतर दांड्यांवर सराव करतेय. टोनी दाराशी येतो आणि त्याच्या कानाशी शाळेची घंटा खणखणते. पुढचं तुम्हाला त्या मुलीच्या नजरेने दिसतं. ती दांडीवर उलटी आहे, म्हणून तोही उलटा: केसाळ तोंड, सुळे, ओठांतून गळणारा फेस, आणि खाली, म्हणजे खरं तर वर, शाळेचं जाकीट. आठवड्याभरात उरकलेल्या सिनेमात हे कसं जमलं? कॅमेऱ्यामागे जोसेफ लाशेल आहे, 1944 च्या ‘लॉरा’साठी ऑस्कर मिळवलेला माणूस. पैसे कमी असले की कोन चांगला शोधावा लागतो, हे त्याला ठाऊक आहे. स्टेशन वॅगनमध्ये शांतता पसरते. दहा वर्षांचा एक मुलगा मागच्या सीटवरून पुढे, आईच्या मांडीवर आलाय.

ते जाकीटच लोकांच्या लक्षात राहणार आहे. 1941 च्या ‘द वुल्फ मॅन’मध्ये लॉन चेनी धुक्यातल्या जंगलात फिरत होता, हा तुमच्या वर्गातला आहे. आपल्याकडचा मुंजा बिचारा पिंपळावर बसून असतो, त्याच्या मागे शाळेची घंटा तरी नाही.

शेवट तुम्ही ओळखला असेल. टोनी मदत मागायला डॉक्टरकडेच येतो, आणि डॉक्टर कॅमेरा लावून त्याचं रूपांतर चित्रित करायला बसतो. फोनची घंटा वाजते. उरलेलं काम आधी लांडगा आणि मग पोलिसांच्या गोळ्या करतात.

आता खाली उतरा आणि खाण्याच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहा, कारण खरी परीक्षणं इथे होतात. स्टेशन वॅगनवाले म्हणतात, मुखवटा आहे हो, मानेपाशी कळतं. त्यांचं बरोबर आहे. बायको म्हणते, मुलांना दाखवण्यासारखं नाही. तिचंही चूक म्हणता येत नाही. मघाच्या चौघांतली एक मुलगी मात्र लांडग्याबद्दल अवाक्षर काढत नाही. “तो दोनदा गेला होता ना मदत मागायला?” एवढंच ती विचारते. बरोबरचा मुलगा खांदे उडवतो. “आणि पाठवलं कुणी? पोलिसांनी.” तेवढ्यात मोहरीची बाटली कुणाच्या तरी शर्टावर उडते आणि चर्चा तिथेच संपते.

मला या दोघांचं म्हणणं मोठ्यांच्या म्हणण्यापेक्षा जास्त पटतं.

आता जरा पुढे चला. 1981. या साली लंडनमधल्या अमेरिकन वेअरवुल्फचा सिनेमा आलाय आणि मेकअपवाल्या रिक बेकरने हाडं ताणली जाताना, केस फुटताना भर उजेडात दाखवलंय. त्याला त्यासाठी ऑस्करही मिळेल. यापुढे वेअरवुल्फच्या सिनेमावर मत देणारा प्रत्येक जण आधी रूपांतर मोजतो: किती सेकंद, किती खरं. त्या मापाने 1957 चा टोनी पार नापास. पण याच साली स्टीफन किंग ‘डान्स मकाबर’ या पुस्तकात भयपटांचा लेखाजोखा मांडताना त्या टोनीकडे वळतो. सिनेमा आला तेव्हा किंग नऊ वर्षांचा होता.

1987 ला टीव्ही लावा. लँडन आता घराघरातला माणूस, ‘बोनान्झा’ आणि ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’वाला. ‘हायवे टू हेवन’मध्ये तो देवदूत होतो आणि त्याच मालिकेच्या एका भागात स्वतःच्या जुन्या सिनेमाची टिंगल करत पुन्हा केस लावतो. भागाच्या नावात ‘टीनेज’च्या जागी ‘मिडल-एज्ड’. 1997 ला ‘मिस्टरी सायन्स थिएटर 3000’वाले दर वाक्याला टोमणा मारत तोच सिनेमा दाखवतात. तिथे जाऊन पोटभर हसा. टोमणे चांगले आहेत, आणि संवाद ते ओढवून घेतात.

तरीही कमी पैशांतला सिनेमा म्हणजे गंमत म्हणून बघायचा, ही सवय मला आळशीपणाची वाटते. पैसा नव्हता तो मुखवट्यात दिसतो, कबूल. मधली गाणं-नाच असलेली पार्टी कापली तरी चालेल. कार्पेथियन डोंगरातून आलेला म्हातारा झाडूवाला नेमका टोनीच्याच गावच्या पोलीस ठाण्यात कामाला असतो, हे तर पचतच नाही. पण बिघडलेल्या पोराला दुरुस्त करायला निघालेला सभ्य, शिकलेला माणूस सगळ्यात धोकादायक असू शकतो, हे 1957 मध्ये पोरांच्या बाजूने उभं राहून सांगायला मोठ्या स्टुडिओंपैकी फार कुणी तयार नव्हतं. या स्वस्त कंपनीला गमावण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिने सांगून टाकलं.

प्रेक्षकांचं मत गल्ल्यावर दिसलं: 82,000 च्या सिनेमाने 20 लाख डॉलरच्या आसपास कमावले. नोव्हेंबर उजाडला तेव्हा कंपनीने ‘आय वॉज अ टीनेज फ्रँकेन्स्टाइन’ही लावला. त्यात माथेफिरू शास्त्रज्ञ पुन्हा व्हिट बिसेलच आहे, फक्त टोनीसारखा पोरगा नाही. त्यासाठी ओहायोला परत जायची गरज नाही.