उजळाईवाडीची धावपट्टी

कोल्हापूरला रेल्वे आली १८९१मध्ये. मिरजेहून आलेला तो फाटा अरुंद होता, पुढे रुंद झाला. पण गाडी कधी कायमची बंद पडली नाही. विमानतळ आला १९३९मध्ये, राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत. त्याचा इतिहास मात्र सुरू होणे आणि बंद पडणे असाच आहे. एकाच शहरातल्या या दोन सोयींचे नशीब इतके वेगळे का, हा प्रश्न घेऊन मी उजळाईवाडीच्या विमानसेवेकडे पाहिले.

आरंभीचा काळ संस्थानी हौसेचा होता असे सहज म्हटले जाते. मला ते अपुरे वाटते. टाटांचे टपाल विमान कराचीहून मुंबईला आले ते १९३२मध्ये. त्यानंतर अवघ्या सात वर्षांत एका संस्थानाने शहराबाहेर धावपट्टी आखली, यात दूरदृष्टीही होती. पण राजाराम महाराज १९४०मध्ये गेले, पुढे संस्थान विलीन झाले आणि धावपट्टीला खंबीर धनी उरला नाही.

नियमित सेवेचा पुढचा प्रयत्न वायुदूतचा. लहान गावे जोडण्यासाठी १९८१मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून ही कंपनी काढली होती. तिची डॉर्निअर विमाने १९ आसनी. तोटा वाढत गेला आणि १९९३मध्ये तिचे इंडियन एअरलाइन्समध्ये विलीनीकरण झाले. पुढे डेक्कन आली. २००७मध्ये किंगफिशरने ती ताब्यात घेतली. २०११च्या अखेरीस कोल्हापूरची सेवा थांबली आणि वर्षभरात किंगफिशरच जमिनीवर आली.

'उडान' योजनेने चौथा अध्याय उघडला. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. ठरावीक आसनांचे भाडे तासाभराच्या प्रवासाला सुमारे अडीच हजार रुपयांवर बांधलेले, त्यातून येणारी तूट सरकार भरून देणार, तीही तीन वर्षे. २०१८मध्ये नव्या डेक्कनने मुंबईची सेवा सुरू केली, पुन्हा १९ आसनी विमानाने. त्याच डिसेंबरात अलायन्स एअरने हैदराबाद आणि बंगळूर जोडले. २०१९मध्ये ट्रूजेट मुंबईसाठी आली. डेक्कन २०२०मध्ये थांबली, ट्रूजेट २०२२मध्ये.

या यादीत एक सूत्र दिसते. धावपट्टी मोडली म्हणून सेवा थांबली नाही; दर वेळी कंपनी मोडली. कारणेही तीच. १९ आसनांत वैमानिक, इंधन, देखभाल यांचा खर्च वाटायला माणसेच कमी. मोठे विमान आणावे तर १३७० मीटरची धावपट्टी अपुरी. आणि मुंबईच्या गर्दीत सोयीची वेळ मिळणे दुरापास्त. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येत नसेल, तर व्यापाऱ्याला विमानाचा उपयोग काय? त्याच्यासमोर महालक्ष्मी एक्सप्रेस उभीच असते: रात्री बसावे, झोपावे, सकाळी मुंबईत उतरावे. विमानाची खरी स्पर्धा दुसऱ्या विमानाशी नव्हती, या झोपेशी होती.

म्हणून मला गेल्या काही वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा बदल कोणत्याही कंपनीच्या आगमनाचा वाटत नाही. २०१३मध्ये हा विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आला. धावपट्टी १९३० मीटर झाली. रात्री उतरण्याची सोय झाली. २०२४च्या मार्चमध्ये नवी इमारत खुली झाली. आता प्रवाशाला सोयीची वेळ देता येईल आणि मोठे विमान उतरवता येईल, अशी जमीन तयार आहे.

तरी एक गोष्ट उरतेच. रेल्वे टिकली, कारण तिचा रोजचा हिशेब कोल्हापूर फाट्यापुरता मांडला जात नाही. तो साऱ्या जाळ्याचा असतो. विमानसेवा मात्र तीन वर्षांच्या कराराने येते आणि करार संपला की एकटीने जगून दाखवावी लागते. गोकुळ शिरगावचा कारखानदार किंवा इचलकरंजीचा यंत्रमागधारक विमानावर भरवसा ठेवून आपल्या कामाची आखणी करील, तो दिवस अनुदानाने येणार नाही. सलग दहा वर्षे तेच विमान त्याच वेळेला सुटले, तर येईल.