गुलाल फिका, बेदाणा पिवळा: रॉ फोटो वेबसाठी लहान करताना नेमकं काय होतं?

भाद्रपदात ऋषिपंचमीला तासगावचा रथ निघतो. गणपती मंदिरापासून काशी विश्वेश्वराच्या देवळाकडे हजारो हात दोरखंड ओढत असतात आणि रस्ता गुलालानं माखलेला असतो. संध्याकाळपर्यंत मोबाईलवर फोटोच फोटो! पण एक गोष्ट हमखास दिसते. महागड्या कॅमेऱ्यातून काढलेल्या फोटोतलाही गुलाल पोस्ट केल्यावर कधी फिका, कधी नुसता सपाट गुलाबी डाग दिसतो. कॅमेरा चांगलाच असतो. घोळ होतो तो फाईल लहान करताना.

रॉ म्हणजे अजून न शिजलेला फोटो

रॉ फाईलमध्ये तयार चित्र नसतं. सेन्सरवर किती प्रकाश पडला, याच्या त्या नोंदी असतात. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून सॉफ्टवेअर अंदाजानं भरतं. कॅननची सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू ही सगळी याच कुळातली. अ‍ॅडोबीनं २००४ मध्ये आणलेला डीएनजी हा खुला प्रकार आता अनेक मोबाईलच्या प्रो मोडमध्येही मिळतो.

१४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक बिंदूसाठी प्रकाशाच्या १६,३८४ पायऱ्या असतात. नेहमीच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला फक्त २५६. म्हणूनच २४ मेगापिक्सेलची रॉ फाईल आकुंचन न करता ठेवली तर साधारण ४२ एमबी भरते. ब्राउझर अशी फाईल थेट दाखवत नाहीत, त्यामुळे रूपांतर करावंच लागतं. आणि त्या वेळी जे टाकून दिलं, ते तयार फाईलमधून परत मिळत नाही.

आधी रंग, मग आकार

तासगावच्या बेदाण्याचंच उदाहरण घ्या. इथे सौद्यात मालाचा रंग पाहून भाव ठरतो. हिरव्या बेदाण्याला मान जास्त, काळपट मालाला कमी. गोदामातल्या पिवळट दिव्याखाली काढलेल्या फोटोत हिरवा माल पिवळा दिसला आणि तोच फोटो लांबच्या गिऱ्हाईकाला गेला, तर बोलणी तिथेच फिसकटू शकतात. रॉ असेल तर व्हाइट बॅलन्स नंतर नीट लावता येतो. जेपेग किंवा वेबपी झाल्यावर तीच दुरुस्ती ओढाताणीची होते. मालाशेजारी एक राखाडी कार्ड ठेवून पहिला फोटो घेतला, तर नंतर अंदाज बांधत बसावं लागत नाही. स्वस्त उपाय आहे, पण फार कमी जण करतात.

गुलालाचा त्रास वेगळा. उन्हात लाल रंगाची नोंद कमाल मर्यादेला टेकते आणि उधळलेल्या पुडीचा कणन् कण एकसारखा दिसू लागतो. एक्स्पोजर थोडं कमी ठेवून रॉमध्ये काढलं, तर हे तपशील बहुतेकदा वाचतात.

यानंतर रंगपट्टा. वेबसाठी एसआरजीबी निवडा. फाईल अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये राहिली आणि आकार कमी करणाऱ्या अ‍ॅपनं तिची रंगओळख पुसून टाकली, की सगळे रंग मरगळतात. फिक्या गुलालाचा गुन्हेगार पुष्कळदा हाच.

मग लांबी-रुंदी. ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो १६०० पिक्सेल रुंद केला, तर बिंदूंची संख्या थेट चौदाव्या भागावर येते. बचतीतला मोठा वाटा इथेच असतो. तरी लोक पूर्ण आकार तसाच ठेवून क्वालिटीचा आकडा खाली खेचत बसतात आणि आभाळात चौकोन उमटले की कॅमेऱ्याला नावं ठेवतात.

जेपेग, वेबपी की एव्हिफ?

१९९२ पासूनचं जेपेग सगळीकडे चालतं. गुगलनं २०१० मध्ये आणलेलं वेबपी त्याच दर्जाला साधारण पाव ते एक तृतीयांश लहान फाईल देतं, असा गुगलचा दावा आहे. २०१९ मधलं एव्हिफ अनेकदा आणखी लहान होतं, पण फाईल बनायला वेळ घेतं. आजचे प्रमुख ब्राउझर तिन्ही दाखवतात. सफारी मात्र उशिरा आला: वेबपी २०२० मध्ये, एव्हिफ २०२२ मध्ये.

इथे एक खोच आहे. डोळ्याला उजेडातले बारकावे जास्त कळतात, रंगातले कमी. म्हणून ही तंत्रं चार शेजारी बिंदूंना मिळून एकच रंग देऊन जागा वाचवतात. हिरव्या बागेच्या फोटोत हे कळतही नाही, पण गुलालानं माखलेल्या चेहऱ्याच्या कडेला किंवा भगव्या झेंड्याच्या टोकाला रंग पसरल्यासारखा होतो. नेहमीच्या, म्हणजे तपशील गाळणाऱ्या वेबपीत ही काटछाट बंद करता येत नाही. जेपेग आणि एव्हिफमध्ये येते. त्यामुळे स्वतःच्या वेबसाइटवर सरसकट वेबपी ठेवलं तरी रथोत्सवाचे दोन-चार भडक रंगांचे फोटो शेजारी ठेवून ताडून पाहावेत.

सोशल मीडियासाठी मात्र चांगल्या दर्जाचं जेपेगच बरं. तिथे फोटो पुन्हा दाबला जातोच, आणि आधीच पिळलेली फाईल दुसऱ्यांदा पिळली की जास्त बिघडते. व्हॉट्सअ‍ॅपवर मूळ दर्जा हवा असेल तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पण मग त्यात साठवलेलं ठिकाणही सोबत जाऊ शकतं. घरचा किंवा बागेतल्या शेडचा फोटो असेल तर रूपांतर करतानाच जीपीएसची नोंद काढा, स्वतःचं नाव मात्र राहू द्या.

डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, रॉ उघडायला पुरेशी. त्यातून निघालेली फाईल वेबपी किंवा एव्हिफ करायला स्क्वूश वापरता येतं. ते ब्राउझरमध्ये चालतं, पण काम तुमच्याच कॉम्प्युटरवर होतं, फोटो कुठेही अपलोड होत नाही.

राहिला प्रश्न रॉ फाईलींचा. ४२ एमबीच्या हिशेबानं रथाचे ५०० फोटो म्हणजे २१ जीबी. हुकलेले फोटो खुशाल उडवा. निवडलेल्यांच्या रॉ फाईली दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि त्या उघडतात हे पाहिल्यावरच कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं करा.