खाच, सुंभ आणि लोखंडी पायडल

यान ह्युएन फान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ साली गोव्यात उतरला तो आर्चबिशपच्या पदरचा चिटणीस म्हणून. चारपाच वर्षं तो तिथे राहिला आणि जे दिसेल ते टिपत गेला. १५९६ मध्ये छापून आलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात माडाला चांगली ऐसपैस जागा मिळाली आहे. इथले लोक माडाच्या खोडाला पायरीसारख्या खाचा पाडतात, त्यांवर पाय देत सरसर वर जातात आणि पोर्तुगीजांना मात्र ते धाडस होत नाही, असं तो नोंदवतो. अर्ध्या जगाचा समुद्र पालथा घालून आलेले हे लोक माडाच्या बुंध्याशी येऊन थांबले, हे वाचून कोकणातल्या माणसाला थोडी मजा वाटली तर त्यात गैर नाही.

माड चढायला अवघडच. जुना बाणवली माड वीस मीटरपर्यंत सहज जातो आणि वाटेत आधाराला एक फांदी नसते. त्यात त्याच्या खोडाची रीत इतर झाडांपेक्षा वेगळी. आंबा, फणस वर्षागणिक जाड होत जातात. माडाच्या सालीखाली नवं लाकूड तयार करणारा थरच नसतो, त्यामुळे खोडाची जाडी एकदा ठरली की ठरली. चढणाऱ्याला याचा फायदा होतो. बुंध्याचा फुगवटा ओलांडला की शेंड्यापर्यंत घेर फारसा बदलत नाही आणि एकाच मापाच्या दोरीत काम भागतं. तोटा झाडाला होतो. आंब्याची जखम भरून येते. माडाला पाडलेली खाच जन्मभर तशीच राहते. तिच्यात पावसाचं पाणी मुरतं, लाकूड कुजतं आणि सोंड्या भुंग्याला आयती वाट मिळते.

म्हणून प्रत्येक माडाला खाचा पाडाव्यात का, हा प्रश्न जुनाच आहे. नारळासाठी राखलेल्या माडावर दीड-दोन महिन्यांनी एकदा चढायचं असतं. सुरेचा, म्हणजे माडीसाठी राखलेला, माड मात्र दिवसातून तीनदा माणूस मागतो. गोव्यातला रेंदेर सकाळी आणि संध्याकाळी सूर उतरवायला चढतो आणि दुपारी पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, तासायला. असे दहावीस माड एका माणसाकडे असले तर दिवसाची चढ-उतर किती होते याचा हिशेब ज्याने त्याने करावा. तिथे खाच पाडली नाही तर पायच टिकायचे नाहीत. झाडाचं आयुष्य आणि माणसाचे गुडघे यांच्यातली ही तडजोड होती आणि ती बहुतेक वेळा माणसाच्या बाजूने सुटली.

या माणसाचं सामान बघण्यासारखं असे, कारण त्यातलं पातं सोडलं तर जवळपास सगळं घरचं. पातं लोहार देई. मूठ आपल्या हाताच्या मापाने ज्याची त्याने बसवायची. सूर काढायला न उमललेली पोय दोरीने घट्ट आवळतात, रोज हलक्या हाताने ठोकतात आणि टोकाची पातळ चकती काढतात. पातं बोथट असेल तर पोय चेचते आणि थेंब आटतो, म्हणून धार लावणं हा रोजचा धडाच. सूर गोळा करायला वाळवून पोखरलेला दुधी भोपळा: हलका आणि पडला तरी डोक्यात खोक न पाडणारा. कमरेला लाकडी आकडा, त्यात अडकवलेला कोयता. चढताना दोन्ही हात मोकळे हवेत आणि शेंड्यात पोचल्यावर कोयता न बघता हाती लागायला हवा. एकाचा आकडा दुसऱ्याच्या कमरेला नीट बसत नसे.

नारळ पाडणाऱ्या पाडेल्याला याहूनही कमी लागे. सुंभाची दोरी वळून तिची कडी करायची, दोन्ही पावलं तिच्यात अडकवायची आणि पावलांनी खोड दोन्हीकडून दाबायचं. हातांनी खोडाला मिठी मारून शरीर वर ओढायचं, मग पाय पोटाशी घ्यायचे, पुन्हा दाबायचं. कडी सैल झाली तर पाय घसरतो, आखूड झाली तर खोडाला नीट बसत नाही. ज्या झाडावर चढायचं त्याच्याच सोडणातून ही दोरी निघते, त्यामुळे सामान संपलं म्हणून कुणाचं काम अडलं नाही. केरळातही हीच पद्धत. कडी वळायची कशी हे बापाकडून मुलाकडे जाई; कुठे लिहून ठेवलेलं नसे.

प्रत्येक किनाऱ्याने आपापली युक्ती काढली. श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कळुतर आणि वाद्दुवच्या बाजूला, ताडी काढणारे एका माडावर चढतात आणि तिथून शेजारच्या माडांवर दोरांवरून चालत जातात. पायाखाली एक दोर, हाताला धरायला वर दुसरा. सगळी बाग वरच्यावर फिरून होते आणि ताडी दोरीने खाली सोडली जाते. मलायात आणि थायलंडमध्ये आखूड शेपटीची माकडं नारळ पाडायला शिकवली. सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डनमधले वनस्पतिशास्त्रज्ञ ई. जे. एच. कॉर्नर यांनी तर उंच झाडांवरचे नमुने तोडून आणायला अशीच माकडं कामाला लावली होती. आपल्याकडे सुपारीच्या बागेत वेगळी कसरत चाले: एका पोफळीच्या शेंड्यात पोचलेला माणूस ती झुलवून शेजारची धरी आणि खाली न उतरता पुढे सरके. श्रीवर्धनच्या वाड्यांत ज्यांनी हे पाहिलं आहे त्यांना दोराच्या पुलाचं कौतुक कमीच वाटेल.

मुंबईत सूर काढायचा धंदा भंडाऱ्यांचा. सतराव्या शतकात गव्हर्नर जेराल्ड औंजियरने शहराच्या राखणीसाठी जी शिबंदी उभी केली ती प्रामुख्याने भंडाऱ्यांची होती. दिवसातून अनेकदा माड चढणारी आणि कमरेला कोयता बाळगणारी ही माणसं त्याला लढाऊ वाटली यात नवल नाही. पण कंपनी सरकारची, आणि पुढे राणी सरकारची, खरी नजर होती ती सुरेवरच्या उत्पन्नावर. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ही पकड घट्ट केली. सूर काढायच्या झाडावर कर बसला, झाडांवर नंबर पडले, परवाना घ्यावा लागला. गावात शेजाऱ्याला घडाभर सूर देणं हा कालपर्यंतचा व्यवहार. तो आता गुन्हा ठरू लागला. दुकानांचे ठेके लिलावात पैसेवाल्यांकडे गेले आणि झाडावर चढणारा हळूहळू दुसऱ्याचा मजूर होत गेला. १९५० मध्ये मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली, तेव्हा उरलेल्यांपैकी अनेकांनी कोयता खुंटीला टांगला.

पण सगळा दोष कायद्याच्या माथी मारणं सोपं आहे आणि अपुरंही. या कामाला जात चिकटलेली होती, आणि जातीतल्याच शहाण्या माणसांना त्यातून बाहेर पडायचं होतं. केरळात श्रीनारायण गुरूंनी १९२० च्या सुमारास आपल्या अनुयायांना दारू करू नका, देऊ नका, पिऊ नका असं सांगितलं; ज्या एळवा समाजात ते जन्मले त्यातल्या कितीतरी घरांची चूल ताडीवर पेटत होती. मुंबईत भंडारी समाजातले सीताराम केशव बोले कामगारांच्या चळवळीत उतरले आणि १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव त्यांनी कायदेमंडळात मांडला. अशा घरांतली मुलं शाळेत, गिरणीत, कचेरीत गेली. त्यांनी माडावरून उतरावं यासाठीच तर आधीची पिढी झटली होती. मग वाडीत चढायला माणूस मिळत नाही म्हणून बागाईतदाराने हळहळायचं, यात थोडा ढोंगीपणा आहेच.

माणूस मिळेना तेव्हा यंत्राचा विचार सुरू झाला आणि तो प्रयोगशाळेत नव्हे, बागेत झाला. केरळच्या कण्णूर जिल्ह्यातल्या चेंपेरीचे शेतकरी एम. जे. जोसेफ, गावात अप्पच्चन म्हणून ओळखले जाणारे, यांनी लोखंडी सळ्या आणि तारेचा दोर घेऊन एक साधन जोडलं. त्याचे दोन सुटे भाग असतात, एक डाव्या पायाचा आणि एक उजव्या. प्रत्येक भागाची तार खोडाभोवती फिरवून अडकवायची. पायडलवर पाय देऊन वजन टाकलं की तार खोडाला आवळली जाते. वजन काढलं की ढिली होते आणि तो भाग हाताने वर सरकवता येतो. एका पायावर उभं राहायचं, दुसरा वर न्यायचा. ना मोटर, ना स्प्रिंग. सुंभाच्या कडीत जे काम पावलांचा दाब करी, तेच इथे शरीराचं वजन करतं. अहमदाबादच्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने या कल्पनेची दखल घेतली आणि ‘चेंपेरी मॉडेल’ पश्चिम किनारा ओलांडून पुढे गेलं.

यंत्र विकत मिळालं तरी ते तसंच्या तसं चालत नाही. जाड बुंध्याच्या माडावर खालून तार पुरत नाही आणि मग चार हात शिडी लावून वरून सुरुवात करावी लागते. कललेल्या माडावर यंत्र एका बाजूला फिरू बघतं. पावसाळ्यात खोडावर शेवाळ धरतं आणि यंत्राच्या खोडाला टेकणाऱ्या रबराची पकड कमी होते. रबर झिजतं, तारेचे धागे तुटून बोटांत घुसतात, नटबोल्ट खाऱ्या हवेत गंजतात. त्यामुळे प्रत्येक यंत्राच्या मागे गावातला एखादा वेल्डर उभा असतो. कुणाला पायडल रुंद करून हवं असतं, कुणाला हाताची दांडी लांब. वर पोचल्यावर कंबर खोडाला बांधून घेण्याचा पट्टा अनेकांनी नंतर जोडला. तो पहिल्या दिवसापासून असायला हवा होता.

या खटपटीचं सर्वांत टोकाचं रूप २०१९ मध्ये दिसलं. दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या बंटवाळ तालुक्यातले सुपारी बागाईतदार गणपती भट यांनी छोटं पेट्रोल इंजिन, चाकं, ब्रेक आणि बसायला सीट असलेली गाडी थेट पोफळीवर चढवली. तिचं वजन २८ किलोच्या आसपास. हौस म्हणून हे झालं नव्हतं. सुपारीला भर पावसात कोळे रोग लागतो आणि तो आवरायचा तर बोर्डो मिश्रण शेंड्यातल्या घोसावर फवारावं लागतं, तेही मजूर निसरड्या पोफळीवर चढायला नाही म्हणतात नेमक्या त्याच दिवसांत. भट यांच्या मुलीचा गाडी चालवतानाचा व्हिडिओ देशभर फिरला. लोक हसले, थक्क झाले. बागाईतदारांनी किंमत विचारली.

नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ हा उपक्रम सुरू केला: सहा दिवसांचं प्रशिक्षण, चढायचं यंत्र, अपघात विमा. त्यात बायकाही शिकल्या. ज्या कामात शतकानुशतकं पुरुषांचीच मक्तेदारी होती आणि ज्याला जात चिकटली होती, ते सहा दिवसांत कुणालाही शिकता येऊ लागलं, हे या लोखंडी पायडलचं खरं श्रेय. वेगाच्या बाबतीत मात्र ते आजही हरतं. यंत्र झाडाला लावण्यात आणि सोडवण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात मुरलेला पाडेली नारळ पाडून खाली येतो.

आणि सहा दिवसांत चढणं येतं, माड कळत नाही. पाडेली वर गेला की नुसते नारळ पाडत नसे. सुकलेल्या झावळ्या काढी, कोवळ्या पानांवर गेंड्या भुंग्याने कातरलेला त्रिकोण दिसतो का ते बघे, कुठली पेंड आता उतरवायची आणि कुठली पुढच्या खेपेला ठेवायची ते ठरवी. खाली उतरल्यावर मालकाला सांगे की तिसऱ्या ओळीतल्या माडाचा कोंब ढिला लागतोय. बागाईतदार पैसे चढण्याचे देई, फुकट मिळे ती ही पाहणी. नव्या माणसाला झाडामागे दर मिळतो, त्यामुळे तो तिथे रेंगाळत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

गोव्यात तर २०१६ मध्ये वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन माड ‘झाड’ या व्याख्येतूनच बाहेर गेला होता. मोठा गदारोळ झाला आणि पुढच्याच वर्षी त्याला परत आत घेऊन राज्यवृक्ष केलं गेलं. त्यावर चढणाऱ्याबद्दल दोन्ही वेळा फारसं कुणी बोललं नाही.

आता हा धंदा फोनवर चालतो. नारळ विकास मंडळाने चढणाऱ्यांशी गाठ घालून देण्यासाठी ‘हॅलो नारियल’ नावाचं कॉल सेंटर काढलं आहे. त्याशिवाय ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये दोन-तीन नंबर असतातच. स्कूटरच्या मागे यंत्र बांधून येणारा स्वतंत्र कारागीर दर सांगण्याआधी विचारतो: माड किती, त्यातले कललेले किती, खाली कौलं किंवा विजेची तार आहे का, आणि झावळ्या उचलायला तुमचा माणूस असेल की नाही.