वाई : मैलागाळ व्यवस्थापन

सातारा जिल्ह्यातील वाई नगरपरिषदेने २०१८ पासून राबवलेली, घरोघरच्या सेप्टिक टाक्या ठरल्या पाळीने उपसून त्यांतील गाळावर प्रक्रिया करण्याची व्यवस्था. वाई हे कृष्णाकाठचे गाव. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३६,०२५. ही व्यवस्था आली तेव्हा गावात भुयारी गटारे नव्हती. शौचालयाचे पाणी ज्या टाकीत जाते तिला लोक ‘सेफ्टी टाकी’ म्हणतात.

टाकीत मैला तळाशी बसतो, वर तेलकट साय धरते आणि हवेविना जगणारे जीवाणू गाळ हळूहळू कुजवतात. मधले पाणी बाहेर पडते. ते निवळलेले दिसले, तरी शुद्ध नसते. गाळ साचत गेला की पाण्याला टाकीत थांबायला जागा उरत नाही आणि मैला पाण्याबरोबर उघड्या गटारात व पुढे नदीत जातो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसणे आवश्यक असते. मात्र ती पार कोरडी करू नये. तळाशी थोडा गाळ विरजणासारखा ठेवावा, म्हणजे कुजण्याची क्रिया लवकर सुरू होते.

पूर्वी टाकी तुंबली की मगच गाडी बोलावली जाई. दोन उपशांत आठ-दहा वर्षेही जात. २०१८ मध्ये हा क्रम बदलला. दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकीची पाळी ठरली, उपशाचे काम खाजगी कंत्राटदाराकडे दिले गेले आणि प्रत्येक खेपेला घरमालकाकडून पैसे घेण्याऐवजी खर्चाचा मेळ स्वच्छता कराशी घालण्यात आला. प्रक्रिया केंद्राइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व या बदलाला आहे. ज्याची टाकी तुंबलेली नाही तो स्वतःहून गाडी बोलावत नाही, आणि पैसे मोजावे लागणार असतील तर आणखी पुढे ढकलतो. गाळ आलाच नाही, तर कितीही चांगले यंत्र रिकामे बसते. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने या आखणीत नगरपरिषदेला साहाय्य केले.

केंद्राची क्षमता दिवसाला ७०,००० लिटर आहे. गाळातला कचरा जाळीवर अडवतात, गाळ दाबून पाणी वेगळे काढतात, घट्ट भाग वाळवतात आणि हवेचा पुरवठा रोखून तापवतात. त्यातून रोगजंतुविरहित जैवकोळसा उरतो. वेगळ्या काढलेल्या पाण्यावर स्वतंत्र प्रक्रिया होते. नाशिक जिल्ह्यातील सिन्नरनेही तेवढ्याच क्षमतेचे केंद्र उभारले व पाळीचा उपसा स्वीकारला.

उपसा पंपाच्या गाडीने, माणूस आत न उतरवता व्हावा, ही अट तडजोडीची नाही. बंद टाकीतील हायड्रोजन सल्फाइड वायूने कामगार क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचवायला उतरलेलाही दगावतो. संरक्षक साधनांविना टाकीत माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. पंपाच्या गाडीने उपसताना घरबांधणीची एक सवय आड येते : पुष्कळ घरांत झाकणावरच फरशी बसवलेली किंवा खोली बांधलेली असते आणि नळी आत सोडायला वाटच नसते. टाकी बांधताना झाकण मोकळे व गाडीच्या नळीच्या टप्प्यात ठेवणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

गाळाच्या व्यवस्थेने सगळे सांडपाणी मार्गी लागत नाही. मोरीचे, धुण्याभांड्यांचे पाणी आणि टाकीतून बाहेर पडणारे पाणी गटारांतून वाहतच असते. त्यासाठी नाल्याच्या मुखाशी वेगळी प्रक्रिया लागते. वाईच्या खाली याच कृष्णेचे पाणी कऱ्हाड आणि सांगलीकडे जाते.