वाट पाहायला लावणारी संहिता

पुढच्या भागाची वाट पाहण्याची सवय मराठी वाचकाला ह. ना. आपट्यांनी लावली, असे म्हणायला हरकत नाही. १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू झाले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ हप्त्याहप्त्याने लोकांच्या घरात येऊ लागली. यमूचे पुढे काय होणार, ही हुरहूर आठवडाभर पुरत असे. विसाव्या शतकात बाबूराव अर्नाळकरांच्या वाचकांनाही झुंजारच्या पुढच्या पुस्तकासाठी फार दिवस थांबावे लागले नाही. वाट पाहणे हा तेव्हा वाचनानंदाचाच एक भाग होता, कारण वाट कधी संपणार हे ठाऊक असे. ती संपण्याची खात्री उरली नाही, वर्षामागून वर्षे गेली आणि न आलेल्या कृतीबद्दलच दंतकथा तयार होऊ लागल्या, तर काय होते? मराठीत या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ हे आहे. तिच्याकडे जाण्यापूर्वी मात्र आम्ही वाचकांना थोडे आडवाटेने नेणार आहोत, आणि ही आडवाट साहित्याच्या अभ्यासकाला जरा विचित्र वाटेल.

ती आहे एका संगणकीय खेळाची. १९९६ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या थ्रीडी रिअल्म्स या कंपनीने ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ हा खेळ बाजारात आणला. या प्रकारच्या खेळांना इंग्रजीत ‘फर्स्ट पर्सन शूटर’ म्हणतात. नायक पडद्यावर दिसत नाही, दिसतो फक्त त्याचा हात आणि हातातले शस्त्र. त्याच्याच डोळ्यांनी आपण सारे पाहतो. व्याकरणातला प्रथमपुरुष एखाद्या खेळाच्या प्रकाराला नाव देतो, ही गोष्ट कथनमीमांसा शिकवणाऱ्यांनी खरे तर केव्हाच टिपायला हवी होती. तर हा खेळ अफाट चालला आणि १९९७ मध्ये पुढचा भाग जाहीर झाला : ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’. तो प्रत्यक्ष हाती आला जून २०११ मध्ये.

मधली चौदा वर्षे कशात गेली, हा इतिहास बोधक आहे. पहिल्या खेळाने इतका पैसा मिळवून दिला होता की कंपनी स्वतःच्या खर्चाने काम करू शकत होती. तारीख लादील असा सावकार डोक्यावर नव्हता. विचारणाऱ्याला एकच ठरलेले उत्तर मिळे : पूर्ण होईल तेव्हा. खेळाचा पाया असलेली प्रणाली, जिला त्या व्यवसायात ‘इंजिन’ म्हणतात, ती आधी एक निवडली. वर्षभरात, १९९८ मध्ये, दुसरी अधिक चांगली दिसली म्हणून बदलली आणि बरेचसे काम नव्याने करावे लागले. दुसऱ्या कुणाच्या खेळात एखादी नवी करामत दिसली की ती आपल्याकडेही हवी, हा हट्ट होताच. १९९८ आणि २००१ मध्ये दाखवलेल्या झलकींनी लोक वेडे झाले, पण खेळ काही आला नाही. ‘फॉरएव्हर’ या नावावर विनोद होऊ लागले. ‘वायर्ड’ नियतकालिक न आलेल्या वस्तूंची वार्षिक यादी काढत असे, तिच्यात या खेळाची जागा जणू राखीव झाली. मे २००९ मध्ये पैसे संपले आणि काम करणारा चमू मोडला. त्यातल्या काहींनी काम तसेच चालू ठेवले, पुढे गिअरबॉक्स या दुसऱ्या कंपनीने ते हाती घेतले आणि २०११ मध्ये एकदाचा खेळ बाहेर पडला.

खेळणारे समाधानी झाले का? बहुतेक झाले नाहीत. तक्रारी दोन दिशांनी होत्या, आणि मौज अशी की त्या एकमेकींच्या विरुद्ध होत्या. खेळ जुनाट आहे, त्यातले विनोद आणि स्त्रियांकडे पाहण्याची दृष्टी नव्वदीच्या दशकात अडकली आहे, ही एक तक्रार. दुसरी अशी की जुन्या खेळाचे जे वैशिष्ट्य होते तेच गेले! पहिल्या खेळात नायक डझनभर शस्त्रे एकाच वेळी बाळगत असे. नव्यात त्याला दोनच दिली, कारण मधल्या काळात इतर खेळांत तशी रीत पडली होती. वाट पाहायला लावणाऱ्या कृतीवर हा दुहेरी आरोप हमखास होतो. ती बदलली नाही म्हणून दोष आणि बदलली म्हणूनही दोष.

आता ‘हिंदू’कडे वळू. नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये आली तेव्हा ते पंचविशीत होते. पांडुरंग सांगवीकराच्या प्रथमपुरुषी निवेदनाने मराठी कादंबरीच्या भाषेत जे घडवले त्याची चर्चा इथे करण्याचे कारण नाही. ती आपण सारे वर्गात दरवर्षी करतोच. पुढे ‘बिढार’ (१९७५) पासून ‘झूल’ (१९७९) पर्यंत चांगदेव पाटलाचे चतुष्टय पूर्ण झाले. गावोगावच्या महाविद्यालयांत प्राध्यापकी करत फिरणारा हा चांगदेव आमच्या व्यवसायातल्या कुणालाही आरशासारखा वाटतो, आणि तो आरसा फारसा सुखावह नाही. ‘झूल’नंतर वाचकाला नवी कादंबरी मिळाली ती जुलै २०१० मध्ये, पॉप्युलर प्रकाशनाकडून. मध्ये एकतीस वर्षे गेली.

ही एकतीस वर्षे लेखक गप्प होता असे मात्र नाही. ‘टीकास्वयंवर’ला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ‘देखणी’तल्या कविता आल्या, तुकारामांवरील इंग्रजी पुस्तक आले. मुख्य म्हणजे देशीवादाची मांडणी याच काळात झाली आणि तिच्यावरचे वाद चर्चासत्रांतून वर्षानुवर्षे रंगले. ‘हिंदू’ येणार, येते आहे, याची चर्चाही सोबत चालू होतीच. न वाचलेल्या कादंबरीबद्दल इतके बोलले गेल्याचे दुसरे उदाहरण मराठीत आम्हांला आठवत नाही.

हान्स रॉबर्ट याऊस या जर्मन समीक्षकाने १९६७ मध्ये मांडलेली ‘अपेक्षाक्षितिजा’ची कल्पना आपण एम. ए. च्या वर्गात शिकवतो. कृती वाचकाच्या हाती येते तेव्हा त्याच्या मनात आधीच्या वाचनाने आखलेली एक मर्यादा असते, आणि कृतीचे मोल त्या मर्यादेशी तिने केलेल्या व्यवहारातून ठरते. दीर्घ प्रतीक्षेत एक वेगळीच गोष्ट घडते. क्षितिज आधीच्या कृतींवर तर आखले जातेच, शिवाय न आलेल्या कृतीबद्दलच्या ऐकीव गोष्टींवरही आखले जाते. २०१० चा वाचक ‘हिंदू’ची तुलना ‘कोसला’शी करत होता, असे आपण म्हणतो. आम्हांला वाटते, तो ती तुलना स्वतःच्या डोक्यात एकतीस वर्षे लिहिल्या गेलेल्या ‘हिंदू’शी करत होता, आणि त्या कादंबरीशी स्पर्धा करणे कोणत्याही छापील पुस्तकाला शक्य नव्हते.

छापील पुस्तकात काय होते? पुरातत्त्वाचा अभ्यासक खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावर आहे. वडिलांच्या आजारपणामुळे तो आपल्या मोरगावी परततो, आणि या प्रवासात व नंतर स्मृतींचे थर उपसले जातात : गाव, शेती, भाऊबंदकी, बलुतेदार, बायकांची दुःखे, जाती, पंथ, मरणे. सहाशेच्या वर पाने. कथानक शोधणाऱ्याची निराशा ठरलेलीच. शीर्षकातला ‘अडगळ’ हा शब्द तर टीकाकारांच्या हाती आयताच पडला, जसा पलीकडे ‘फॉरएव्हर’ पडला होता. आणि तो दुहेरी आरोप इथेही झाला. कुणाला ‘कोसला’चा टवटवीत तिरकसपणा सापडला नाही, तर कुणाला हे सारे पुन्हा तेच, खानदेश आणि पाटलांचा मुलगा, असे वाटले.

आमचे मत असे. कादंबरीचे जे भाग माणसांच्या बोलण्यातून उभे राहतात, विशेषतः गावातल्या बायकांच्या कहाण्या आणि कुणब्याच्या घरातले रोजचे कष्ट, ते मराठी गद्यात दुर्मिळ आहेत. त्यांच्यासाठी आणखी दहा वर्षे थांबावे लागले असते तरी तक्रार नव्हती. जिथे खंडेराव संस्कृतीविषयी भाष्य करू लागतो तिथे मात्र पुष्कळदा ‘टीकास्वयंवर’चा लेखक बोलताना ऐकू येतो. खेळ तयार करणाऱ्यांनी विलंबाच्या काळात इतरांच्या सवयी उचलल्या. नेमाड्यांनी स्वतःच्याच उचलल्या. एकतीस वर्षांत समीक्षक नेमाडे कादंबरीकार नेमाड्यांच्या घरात येऊन राहिले, आणि पाहुणे आपल्या मताचे पक्के होते. हा दोष आहेच. पण विलंबाशिवाय तो टळला असता, असे म्हणताना विलंबाशिवाय ते थरही साचले नसते हे विसरता येत नाही. उत्खननाच्या कादंबरीला साचण्याची गरज असते.

आमच्या भागात ‘हिंदू’ शिकवताना आधी एक भौगोलिक गोंधळ निस्तरावा लागतो. कळंब हे इंदापूर तालुक्यातले, वालचंदनगरला लागून असलेले गाव. इथल्या विद्यार्थ्याला मोरगाव म्हटले की बारामती तालुक्यातला मयूरेश्वर आठवतो, आणि सांगवी म्हटले की बारामतीजवळची सांगवी. खंडेरावाचे मोरगाव आणि पांडुरंगाची सांगवी खानदेशातली आहे, हे सांगितल्यावर चेहरे किंचित उतरतात. मग वाचन सुरू होते, आणि ते उतरलेपण फार टिकत नाही. वडिलांमागे शेती कुणी करायची, शिकलेल्या मुलाने परत यायचे की नाही, आले नाही तर त्याला गावाने काय म्हणायचे, हे प्रश्न उसाच्या पट्ट्यातल्या मुलामुलींना समजावून द्यावे लागत नाहीत.

आणि या मुलांनी वाट पाहिलेलीच नसते. २०१० मध्ये ती प्राथमिक शाळेत होती किंवा तेवढीही नव्हती. त्यांच्यापुढे ‘कोसला’ आणि ‘हिंदू’ ग्रंथालयाच्या एकाच फळीवर शेजारी उभ्या असतात; मधली एकतीस वर्षे दोन पुठ्ठ्यांइतकी पातळ झालेली असतात. काहीजण ‘हिंदू’ आधी वाचतात आणि ‘कोसला’ तिच्यानंतर, उलट्या क्रमाने. त्यांना ‘कोसला’ लहान वाटते, पांडुरंग लाडावलेला वाटतो. आमच्या पिढीला हे ऐकून धक्का बसतो, पण युक्तिवादाने खोडता येत नाही. समाधान झाले का, हा प्रश्नच त्यांना कळत नाही. कशाच्या तुलनेत, असे ते विचारतात.

मे २०२२ मध्ये त्या खेळाची २००१ च्या सुमारासची अपुरी आवृत्ती महाजालावर फुटली. तुकड्या-तुकड्यांची, अर्धवट; तरी पुष्कळांना वाटले, हाच तो खेळ, ज्याची आपण वाट पाहत होतो. अपुरेपणामुळेच तसे वाटले असावे, कारण रिकाम्या जागा भरायला खेळणारे मोकळे होते. साहित्यात याच्या उलट घडलेले उदाहरण हार्पर ली यांचे. १९६० च्या ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’नंतर तब्बल पंचावन्न वर्षांनी, २०१५ मध्ये, ‘गो सेट अ वॉचमन’ आली. पुढचा भाग म्हणून लोकांनी ती हाती घेतली, पण ती लिहिली गेली होती आधी. तिच्यातला वंशभेदी ॲटिकस पाहून जुने वाचक दुखावले. तिथेही वाद पुस्तकाशी कमी आणि मधल्या पंचावन्न वर्षांत मनात घडवलेल्या माणसाशी अधिक होता.

‘हिंदू’ ही एका नव्या चतुष्टयाची पहिली कादंबरी म्हणून प्रसिद्ध झाली होती, ही गोष्ट समाधान-असमाधानाच्या पहिल्या गदारोळात मागे पडली. २०११ मध्ये पद्मश्री आणि पाठोपाठ २०१४ चे ज्ञानपीठ आले, गोरख थोरात यांच्या अनुवादातून ती हिंदी वाचकांपर्यंत गेली, आणि ज्या वाचकांनी आपण निराश झालो असे छापून सांगितले होते तेच चर्चासत्रांत चहाच्या वेळी विचारू लागले, की पुढचा भाग केव्हा?